बीडमध्ये भरून घेतलेल्या व्यक्तिमत्त्व विकाराच्या मराठी प्रश्नावलीचा अल्फा ०.८२ आला, तर ती वैध म्हणता येईल का?

नाही, तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. क्रॉनबाखचा अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. म्हणजे तो विश्वसनीयतेचा आकडा आहे. वैधतेसाठी, म्हणजे प्रश्नावली खरंच विकारच मोजते का हे बघायला, ती भरलेल्यांपैकी काही जणांची एस.सी.आय.डी. किंवा आय.पी.डी.ई.सारखी रचनाबद्ध (ठरलेल्या प्रश्नांची, निदानासाठीची) मुलाखत प्रशिक्षित माणसाकडून घ्या, त्याला प्रश्नावलीचे गुण न दाखवता. मग दोन्ही निकाल ताडून संवेदनशीलता (विकार असलेल्यांपैकी किती सापडले), विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) आणि कप्पा (kappa, योगायोग वजा करून दोन्ही निकाल किती जुळतात त्याचा आकडा) काढा. कमी गुणवाल्यांच्याही मुलाखती हव्यात, नाहीतर सुटलेल्या केसेस कळणारच नाहीत. पी.डी.क्यू.-४सारख्या स्वतः भरायच्या प्रश्नावल्या गरजेपेक्षा जास्त लोकांना विकारग्रस्त ठरवतात, हे जुनंच दुखणं आहे.

प्रबंधांची आकडेमोड तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात बहुतेकांची गाडी भाषांतर आणि उलट-भाषांतरावरच (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) थांबते. पण प्रश्न माणसांसमोर वाचून बघा. ‘एका जागी फार काळ टिकत नाही’ याला बीडचा ऊसतोड कामगार ‘हो’ म्हणेल, कारण दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन त्याला कारखान्यावर जावंच लागतं. ‘मोठा निर्णय दुसऱ्याला विचारल्याशिवाय घेत नाही’ याला एकत्र कुटुंबातली सून दुसरं काय म्हणणार? असे प्रश्न बदला, किंवा पुढे ‘का?’ विचारण्याची सोय ठेवा.

एक मात्र आहे: नमुना मनोविकार ओपीडीतला असेल तर नैराश्यामुळेही गुण फुगतात. उपचारानंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या.