पहिल्यांदाच बौद्ध तीर्थयात्रेला निघताय? मग एवढं बघा

बुद्धांचा जन्म (लुंबिनी), बोधी म्हणजे ज्ञानप्राप्ती (बोधगया), पहिलं प्रवचन (सारनाथ), महापरिनिर्वाण म्हणजे देहत्याग (कुशीनगर) या क्रमानेच जायचा हट्ट धरू नका, नुसती उलटसुलट धावपळ होते. गयेला उतरून बोधगया, मग रेल्वेने वाराणसी-सारनाथ, तिथून गोरखपूरमार्गे कुशीनगर आणि शेवटी सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी, हे सोयीचं पडतं. लुंबिनी नेपाळात आहे, त्यामुळे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घ्याच. नुसत्या आधारवर विसंबू नका.

लुंबिनीला घाई मात्र करू नका. बहुतेक जण मायादेवी मंदिरातून बाहेर पडतात, अशोकस्तंभापाशी फोटो काढतात की निघाले! अहो, त्या दगडावरची ब्राह्मी अक्षरं जरा निरखा. ‘हिद बुधे जाते साक्यमुनी’, म्हणजे इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. राज्याभिषेकानंतर 20 वर्षांनी अशोक स्वतः इथे आला आणि गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला, तेही त्यातच कोरलंय. बुद्धांच्या जन्मस्थळाचा इतका जुना लेखी पुरावा दुसरा नाही.

बोधगयेच्या महाबोधी मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि अशोकाचं सिंहशीर्ष तिथेच आहे; वार बघूनच तिकीट काढा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, त्यामुळे एखादा दिवस हाताशी ठेवा.