मुलगा 'फक्त मशीन लावतो'

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल केलं. सहा महिन्यांपासून जालन्याजवळ रस्त्याच्या कामावर जेसीबीवर हेल्पर आहे. दिवसभर ऑपरेटर चालवतो. संध्याकाळी चावी याच्याकडे देऊन चहाला जातो आणि हा मशीन जागेवर लावतो. तेवढंच. मित्र हसतात, म्हणून सोडायचं म्हणतोय. काय सांगू त्याला? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं ते 'तेवढंच' मला खटकलं. दिवसभर मशीनवर अनुभवी माणूस असतो. आणि अंधार पडताना, सगळे घरी जायच्या घाईत असताना, साडेसात टनांचं धूड एकट्या शिकाऊ पोराच्या हाती! आधी हे थांबवा. लायसन्स नसताना त्याने एकट्याने मशीन हलवायचं नाही. शिकायचं, पण ऑपरेटर जवळ उभा असताना. चहा दहा मिनिटं थांबेल.

आता कमीपणाचं. एका ठेकेदाराला मी विचारलं होतं, नवा ऑपरेटर कसा पारखता? म्हणाले, "सकाळी लवकर साइटवर जातो आणि काल मशीन कसं लावलंय ते बघतो." बकेट हवेत लटकलेली दिसली की त्या माणसाला ते पोकलेनला, म्हणजे खोदाईच्या मोठ्या मशीनला, हातही लावू देत नाहीत.

बकेटचं कारण मुलाला मशीनवरच समजेल. उचललेली बकेट हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर तोललेली असते. पाइप फुटला, किंवा मजुराच्या पोराने खेळता खेळता लिव्हर ओढला, तर ती खाली येते. म्हणून पुढची-मागची दोन्ही बकेटं जमिनीवर टेकवायची, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) थंड व्हायला इंजिन तीन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. बंद केल्यावर लिव्हर पुढेमागे हलवून उरलेला दाब सोडायचा. आणि चावी खिशात घातली की झालं, असं नाही. एकाच कंपनीच्या बऱ्याच मशीनना एकच चावी चालते. केबिनला कुलूप हवं, बॅटरीचा मेन स्विच बंद हवा.

जागा निवडणं त्याहून अवघड. तुमच्याकडची काळी माती मे महिन्यात दगड आणि जूनच्या पहिल्या पावसात लोणी. संध्याकाळी घट्ट वाटलेल्या कडेवर मशीन लावलं, रात्री पाऊस झाला, तर सकाळी ते चरात. खोदलेल्या चरापासून निदान चराच्या खोलीइतकं तरी लांब राहायचं. माती ओली असेल तर आणखी लांब. विजेच्या तारांखाली नको, नाल्याच्या पात्रात तर मुळीच नको. उतार टाळता येत नसेल तर चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे. हाताला येईल तो गोल दगड नव्हे, तो सरकतो. मशीन रस्त्याकडेला असेल तर भोवती बॅरिकेड आणि रिफ्लेक्टर. रात्री मोटारसायकलवाल्याला पिवळा रंग दिसत नाही.

इथे त्याचं आयटीआय कामाला येतं. मशीन सपाट जागी उभं असेल तरच सकाळी ऑइलच्या काडीवरचं माप खरं येतं आणि खाली पडलेला तेलाचा डाग नक्की कुठून गळला ते कळतं. नुसता चालवणारा डाग बघून पुढे जातो, डिझेल मेकॅनिक वाकून बघतो. त्याला एक वही करायला सांगा : तास-मीटरचं रीडिंग (इंजिन किती तास चाललं ते), ग्रीसिंग, गळती, मशीन कुठे आणि कसं लावलं. मुलाखतीत अशी वही पुढे ठेवणारी मुलं मला फार थोडी भेटली आहेत.

वर्षभराने इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं बॅकहो लोडर (म्हणजे जेसीबीसारखं मशीन) ऑपरेटरचं प्रमाणपत्र घ्यावं. काम करत शिकलेल्यांचीही परीक्षा घेऊन ते देतात. पुढे पोकलेन, किंवा कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस टेक्निशियन. मला विचाराल तर त्याच्यासाठी दुसरी वाट बरी.

ऑपरेटर थांबायला तयार नसेल तर मुलाने भांडू नये, मालकाशी बोलावं. मालकही हसण्यावारी नेत असेल, तर मात्र ती साइट सोडावी, क्षेत्र नाही.

आणि एक. वर्षभरात बांधकामावर ९० दिवस भरले की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्याचे सहा महिने झालेत. ठेकेदाराकडून दिवसांचा दाखला या आठवड्यातच मागायला सांगा.