पहाटे कण्हतो, तालमीत पळतो

प्रश्न : मुलगा नीटला दुसऱ्यांदा बसणार आहे. पहिल्या वेळी 720 पैकी 431. त्यानं मणक्याचा सर्जनच व्हायचं, हे आम्ही ठरवलंय. माझं स्वतःचं गादी सरकल्याचं ऑपरेशन झालंय. पण चार महिने कंबर दुखते म्हणून अभ्यासाला बसत नाही. पहाटे पाऊण तास कण्हतो, संध्याकाळी तालमीत मात्र पळतो. कमरेचा एमआरआय नॉर्मल आला. आता तालीम बंद केली आहे. हे नाटक कसं थांबवावं?
– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गुणांचं नंतर बघू. आधी तो ‘नाटक’ शब्द मागे घ्या. ज्या घरात मणक्याचा डॉक्टर घडवायचाय, त्याच घरात पोराची कंबर चार महिने दुखतेय आणि ‘नेमकं कुठं दुखतं रे?’ असं त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमची गादी सरकली तेव्हा घरच्यांनी तुमचा शब्द मानला होता ना?

रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी बाहेर आलेली दिसते, आणि दुखणाऱ्याचा रिपोर्ट कोरा येऊ शकतो. डॉक्टर आधी विचारतात : कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, रात्री जाग येते का. मग पाय सरळ वर उचलून बघतात, पायाच्या अंगठ्यातली ताकद बघतात. मी डॉक्टर नाही. पण तुम्ही पुरावा म्हणून दिलेलं वाक्यच संधिवाततज्ज्ञाचे कान टवकारेल. पहाटे आखडणं आणि हालचालीनं मोकळं होणं ही तरुणपणी सुरू होणाऱ्या अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे मणक्याच्या संधिवाताची, ओळखीची खूण आहे. त्यात सूज बहुधा मणक्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला मिळतं त्या सांध्यात सुरू होते, आणि कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये तो सांधा नीट येतोच असं नाही. तसं काही नसेलही, दिवसभर खुर्चीत बसून अंग आखडलं असेल. ते तपासल्यावर कळेल. पण तो आजार निघालाच, तर उपचार म्हणजे औषधं आणि रोजचा व्यायाम. नेमका तोच तुम्ही बंद केलाय!

मार्ग तुम्हाला क्लासवाल्यांनी सांगितलाच असेल : साडेपाच वर्षं एमबीबीएस, नीट-पीजी, तीन वर्षं एमएस ऑर्थो, वर मणक्याची फेलोशिप. न्यूरोसर्जरीकडून गेलात तर आणखी लांब. आणि मणक्याचे सगळेच पेशंट काही सर्जनच्या टेबलावर जात नाहीत. त्यांना संधिवाततज्ज्ञ लागतो, रेडिऑलॉजिस्ट लागतो, फिजिओथेरपिस्ट तर लागतोच. यातलं मुलाला काय हवंय? पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ आहे, त्याचं स्वतःचं एक वाक्य नाही. म्हणून या पत्रावर मी करिअरचा सल्ला देणार नाही.

सोमवारी क्लास बुडवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढा, नाहीतर तुमच्या विश्वासातल्या डॉक्टरांकडे न्या. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सोमवारचीही वाट बघू नका. कुस्ती धरायची की नाही ते डॉक्टर सांगतील. आत गेल्यावर तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या. आणि पुढचं पत्र त्याच्या अक्षरात पाठवा. त्यात गुण लिहिले नाहीत तरी चालेल.