नव्या स्मार्टफोनमध्ये आधी कोणती ॲप घ्यावीत?

आपण पहिल्यांदाच स्मार्टफोन वापरत आहात, म्हणून सर्वप्रथम 'दामिनी' हे ॲप घ्यावे असे मी आग्रहाने सुचवेन. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याचा धोका असल्यास सूचना देते. आपल्या सोलापूरकडे मे महिन्यातला वळीव दुपारनंतर अचानक येतो, आणि तेव्हा रानात असलेल्या माणसाला झाडाखाली न थांबता पक्के घर गाठण्यासाठी मिळालेली थोडी मिनिटेही फार मोलाची असतात. त्यासाठी लोकेशनची परवानगी मात्र द्यावी लागते.

लग्नसराईत सोने घेणार असाल, तर भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' हे ॲप हवेच. दागिन्यावर कोरलेला अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्यात टाकला, की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्राची माहिती दिसते. हॉलमार्कच्या दागिन्यांच्या विक्रीसाठी हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी सराफाच्या दुकानात बसूनच तो तपासावा, संकोच करू नये.

बाहेरगावी जाताना नेटवर्क नसले तरी 'ऑरगॅनिक मॅप्स' हे नकाशांचे ॲप चालते. लागणाऱ्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा.