मुलगा 18 चा झाला, बौद्धिक अक्षमता आहे, आता बँकेत आईची सही चालणार नाही का?

नाही चालत, आई असलात तरी. आमचा 26 चा आहे, आम्हीपण बँकेतून हेच ऐकून परत आलेलो. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची लोकल लेव्हल कमिटी असते, तिकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीवाल्यांनापण हेच, आणि जोडीला निरामय आरोग्य विमा काढून टाका, वर्षाला 1 लाखापर्यंत मिळतो.

पण कागद झाले म्हणून सगळं आपणच करायचं असं नाही हां. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमचा पिशवी नि सुट्टे पैसे घेऊन एकटा गेटवर जातो, मोजायला चुकतो, कधी सहाचे आठ पाव आणतो, मी खिडकीतून बघत असते पण जात नाही, पोदेर उरलेली नाणी एकेक करून त्याच्या हातावर ठेवतो.