ब्लॉकरवाली गोळी

“मॅडम, एकीकडं डॉक्टर म्हणतात ब्लॉकेज होऊ देऊ नका आन् दुसरीकडं ब्लॉकरचीच गोळी देतात. हे कसं काय?”

मामांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्यांना मामाच म्हणू, तसंही सोलापुरात त्या वयाच्या माणसाला दुसरं काय म्हणणार!) वय 58, पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर तीस वर्षं काम. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी अम्लोडिपिन सुरू केली होती. पुतण्यानं मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं आणि ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं वाचून दाखवलं. त्याच रात्री गोळी बंद. बायकोच्या कॅल्शियमच्या गोळ्याही त्यांनी कपाटात टाकल्या, कारण एक माणूस कॅल्शियम अडवतोय आणि दुसरा खातोय, घरात हा कसला कारभार?

दहा-बारा दिवसांनी रात्री छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, इको, रक्त सगळं तपासून झालं, हृदयात दोष निघाला नाही. बीपी मात्र 168/102. गोळी का सोडली, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ते मुलीनं सांगितलं आणि डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे पाठवलं.

नावाला घाबरून औषध सोडणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. ‘ब्लॉकेज’ हा शब्द आपल्याकडे अँजिओग्राफीच्या रिपोर्टमधून घराघरात आलाय आणि त्याच्या मागोमाग लाखाचा खर्च येतो. मग ब्लॉकर म्हणजे ब्लॉकेज करणारा, असंच कुणालाही वाटणार.

माझीही पहिल्या भेटीत चूक झाली. “पेशीला बारीक झडपा असतात,” असं मी बोलून गेले. मामांचा चेहरा उतरला. “म्हंजे माझा व्हॉल्व पण गेलाय काय?” हृदयाची झडप वेगळी, पेशीचं दार वेगळं, हे निस्तरण्यात दहा मिनिटं गेली. तेव्हापासून गोळीच्या नावातल्या ‘चॅनेल’ला मी फक्त ‘दार’ म्हणते.

दुसऱ्या भेटीत मी नळापासून सुरुवात केली. 1883 सालची लंडनमधली गोष्ट. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते बघत होते. हृदय छान चालत होतं. नंतर कळलं, की पाणी ऊर्ध्वपातित नव्हतं, साध्या नळाचं होतं. शुद्ध पाण्यात तोच प्रयोग केला तर ठोके क्षीण होत थांबले. त्यात थोडं कॅल्शियम घातलं, तर पुन्हा सुरू! नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमच ते हृदय चालवत होतं.

“त्यांच्याकडं नळाला रोज पाणी येत असंल,” मामा म्हणाले. पहिल्यांदाच हसले.

मग पाण्याचीच भाषा धरली. हृदयाच्या पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त असतं. दार सदा उघडं राहिलं तर पेशी आवळून बसेल, कधीच उघडलं नाही तर आवळणारच नाही. म्हणून दर ठोक्याला विजेची लहर येते आणि दार क्षणभर उघडते. गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला चार-पाच दिवसांनी येतो, हा मिनिटाला साठ-सत्तर वेळा. आत येतं ते कॅल्शियम थोडंच असतं. हापसा कोरडा पडला की आपण वरून तांब्याभर पाणी ओततो आणि मग खालचं पाणी उपसून येतं. तसं हे थोडं कॅल्शियम पेशीच्या आतलं कोठार उघडतं, स्नायू आकसतो, ठोका पडतो. पुढच्या ठोक्याआधी बहुतेक कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढलं जातं, उरलेलं बाहेर टाकलं जातं.

“आन् दार बंद कोण करतं?”

हा प्रश्न मला फार आवडला. आत आलेलं कॅल्शियमच करतं. दाराला कॅल्मोड्युलिन नावाचं एक छोटं प्रथिन चिकटलेलं असतं. त्यावर कॅल्शियम बसलं की दार मिटू लागतं.

“म्हंजे टाकीतला बॉलकॉक,” मामा म्हणाले. पाणीच वर चढून पाणी बंद करतं. इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं.

आता रात्रीची धडधड. माग चालू असताना खडखडाटात स्वतःची छाती ऐकूच येत नाही. रात्री अंथरुणावर सगळं शांत झालं की ती ऐकू येते. ऐकली की भीती, भीती वाटली की अॅड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर रक्तात येणारं संप्रेरक. या दारांना रॅड नावाच्या प्रथिनाचा ब्रेक असतो. अॅड्रेनलिनचा निरोप दारापर्यंत कसा पोचतो, यावर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं डोकं खाजवत होते. तो निरोप थेट दारावरच काम करतो, अशी समजूत होती. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की निरोप या ब्रेकला मिळतो, ब्रेक सुटतो आणि दारं जास्त उघडतात. ठोका जोरात पडतो. भीती ओसरली की ब्रेक पुन्हा लागतो. म्हणजे धडधड खरी होती, मामांच्या मनाचे खेळ नव्हते. “तुम्हाला काही झालेलं नाही” हे वाक्य मी म्हणूनच कुणाला म्हणत नाही.

आणि गोळी? अम्लोडिपिन हृदयाच्या स्नायूपेक्षा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवर कितीतरी जास्त काम करते. तिथली दारं थोडी कमी उघडतात, नळ्या सैलावतात, दाब उतरतो. याच कुळातल्या व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेम या गोळ्या मात्र हृदयाचा वेगही कमी करतात. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपली समजू नये. हाडांना या गोळीनं काही होत नाही. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं आणि रक्तातलं प्रमाण संप्रेरकं सांभाळून ठेवतात. मामींच्या गोळ्या कपाटातून बाहेर काढायला सांगितलं.

मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. छातीत दाब, दम लागणं, घाम फुटणं, हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर माझ्याकडे नाही, थेट दवाखान्यात जायचं. मामांना त्या दिवशी परत डॉक्टरांकडेच पाठवलं आणि गोळी पुन्हा सुरू झाली. माझ्याकडून फक्त एक वही दिली: धडधड किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं. तीन आठवड्यांत वहीत सात नोंदी झाल्या, त्यातल्या पाच मोबाइलवर हार्ट अटॅकचे व्हिडिओ बघितल्यानंतरच्या. मी काही बोलले नाही. वही त्यांनी स्वतःच वाचून दाखवली आणि मोबाइल रात्री मुलीकडे द्यायचं ठरवलं.

दोन महिन्यांनी, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, मामा पुन्हा आले. पायजमा वर करून घोटे दाखवले. सूज होती. या गोळीनं काहींना घोट्याशी सूज येते, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं होतं.

“बंद नाही केली गोळी,” ते म्हणाले. “डॉक्टरांचा नंबर दुपारी हाय. तोवर म्हटलं तुम्हाला विचारावं, ही सूज ब्लॉकरची काय बॉलकॉकची?”