सासूबाईंचे गुडघे झिजलेत. डॉक्टर म्हणतात चाला, घरचे म्हणतात बसून राहा. कुणाचं ऐकावं?

डॉक्टरांचं ऐका. तुम्ही लिहिलंय की सासूबाई 68 वर्षांच्या आहेत आणि तुमचे यजमान म्हणतात, "आईनं जन्मभर कष्ट केले, आता तिला बसून खाऊ दे, चालून उरलेला गुडघापण झिजेल." हेच मी माझ्या दादाच्या तोंडून अनेक वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

आई दादाकडे असायची, गडहिंग्लज तालुक्यात आमच्या गावी. 72 व्या वर्षी तिचा एक्स-रे काढला. दोन्ही गुडघ्यांत हाडांमधलं अंतर कमी झालेलं. कुणीतरी म्हणालं, वंगण संपलंय, आणि घरात तोच निकाल झाला. दादानं तिच्यासाठी हातांची खुर्ची आणली, संडासात कमोड बसवला, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. कमोडचं काम त्यानं उत्तम केलं. उकिडवं बसणं झिजलेल्या गुडघ्याला फार जड जातं. पण विठोबाचं देऊळ घरापासून तीनशे पावलांवर होतं, तेही बंद केलं. हरिपाठ ऐकायचा तो भोंग्यावरून, खुर्चीत बसून.

2014 च्या मे महिन्यात मी तिला कोल्हापूरला आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आणलं. पहिल्या रात्री तिला अंघोळ घालताना मांड्या बघितल्या आणि मला रडू आलं. शेतात भारे वाहिलेली बाई, मांड्या मनगटासारख्या झालेल्या. खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. गुडघ्यानं तिला जेवढं अधू केलं नव्हतं, तेवढं त्या दोन वर्षांच्या बसण्यानं केलं होतं. हे मी तेव्हा दादाला सांगितलं, आजही सांगते.

वंगणाचंही सांगते, कारण ही समजूत घरोघरी आहे. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या पातळ द्रवातूनच तिचं पोषण होतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो पाऊल टाकताना गादी दाबली जाते आणि उचलताना सुटते म्हणून. गाडीच्या टायरचा हिशोब इथे लावू नका. टायर उभा ठेवला तर झिजत नाही, सांधा उभा ठेवला तर आखडतो.

पण आईला मी लगेच चालवलं नाही. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, आधी मांडी. पलंगावर पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. आई चिडायची. "चालून चालून तर झिजलं, आनी आता काय करून घेतीस माझ्याकडनं?" तीन आठवड्यांनी ती एका हाताच्या आधारानं उठली, तेव्हा चिडणं थांबलं.

त्यानंतर गल्ली. आम्ही विजेच्या खांबांवर मोजायचो. पहिल्या आठवड्यात एक खांब आणि परत, पुढच्या आठवड्यात दोन. नियम एकच होता: चालताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त ठणकलं तर त्या दिवशी एक खांब कमी. काठी आई आधी दुखऱ्या उजव्या पायाच्याच बाजूला धरत होती, बहुतेक म्हातारी माणसं तशीच धरतात. काठी उलट्या हातात हवी. उजवा गुडघा जास्त दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढे टाकायची. एवढ्या बदलानं तिचं लंगडणं निम्मं झालं. चपला बदलल्या, अंगठ्याची सपाट चप्पल काढून मागे पट्टा असलेली घेतली.

दिवाळीनंतर ती रंकाळ्याच्या पदपथावर दोन बाकांच्या मुक्कामानं अर्धा तास चालत होती. एका बुधवारी सकाळी, मंगळवार-शुक्रवारची गर्दी टाळून, आम्ही दोघी घरापासून अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत गेलो. महाद्वारात तिनं काठी माझ्याकडे दिली आणि उंबऱ्याला हात लावला. गुडघे तेव्हाही दुखत होते. एक्स-रे काढला असता तर तोच दिसला असता. तरी ती स्वतःच्या पायानं देवीपुढे उभी होती.

पुढे दादा तिला घेऊन गेला आणि पुन्हा तीच खुर्ची. वहिनी फोनवर म्हणायच्या, "ताई, ह्यांच्यापुढं माझं काही चालत नाही." 2019 मध्ये आई गेली, मूत्रपिंडाच्या आजारानं. तेराव्याला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिनं कोल्हापुरात चालवलं म्हणून आईचे गुडघे गेले." मी त्या दिवशी गप्प बसले. 2022 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पन्नाशीपुढच्या, गुडघ्याची झीज असलेल्या 1,212 लोकांचा. सुरुवातीला ज्यांचा गुडघा वरचेवर दुखत नव्हता, त्यांच्यात व्यायाम म्हणून चालणाऱ्यांना पुढे वरचेवर दुखणं सुरू होण्याची शक्यता सुमारे 40 टक्के कमी आढळली. चालल्यामुळेच तसं झालं, हे अशा अभ्यासातून पक्कं सिद्ध होत नाही, आणि आईसारखे आधीच रोज दुखणारे गुडघे त्या आकड्यात येत नाहीत, हेही खरं. पण चालल्यानं गुडघे जातात, याला त्यात काडीचा आधार नाही. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

वजन जास्त असेल तर तेही बघा. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. गुडघा सुजून गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल, पाय अचानक दगा देत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर आधी दाखवा, मग चाला. सांधे सुजवणारा संधिवात, म्हणजे आमवात, वेगळा, झीज वेगळी. माझं सगळं झिजेबद्दल आहे. हृदयाचा त्रास असेल तर किती चालायचं ते डॉक्टरांनाच विचारा. टेकडी आणि पायऱ्या सुरुवातीला नकोत, उतरताना गुडघ्यावर सपाट रस्त्यापेक्षा बराच जास्त भार येतो. शस्त्रक्रियेच्या मी विरोधात नाही. माझ्या जावेनं दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि तिला त्याचा फायदा झाला, पण दुसऱ्याच दिवशी तिलाही उभं करून चालवलंच होतं.

आज एवढंच करा. सासूबाईंना जेवणाच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. उठता आलं तर उद्या सकाळी गल्लीतला पहिला खांब. नाही आलं, तर टॉवेल.